फुटबॉल विश्वचषक घरच्या टीव्हीवर कायदेशीर मार्गाने कसा पाहावा

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सासरे आणि दोन मुलगे मिळून तिघेजण फुटबॉलचे वेडे आहेत. सासऱ्यांचे डोळे आता अधू झाल्याने त्यांना मोबाइलवर सामना पाहता येत नाही, आणि घरात केबलचा साधा बॉक्स आहे. शेजारच्या एका गृहस्थांनी वर्षाला हजार रुपयांत ‘जगातले सगळे चॅनेल’ दाखवणारा एक बॉक्स सुचवला आहे. तो घ्यावा का, नसल्यास कायदेशीर आणि परवडणारा मार्ग कोणता, आणि अंतिम सामना सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठ्या पडद्यावर सर्वांना दाखवता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली चोवीस वर्षे सोलापुरात केबल आणि डिशचे काम करतो. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे देतो. तो बॉक्स घेऊ नये. आपल्याकडे असलेल्या केबलच्या बॉक्सवरच, ज्या वाहिनीकडे स्पर्धेचे हक्क आहेत तेवढीच एक वाहिनी सुटी घ्यावी आणि स्पर्धा संपताच ती बंद करावी. या मार्गाने होणारा खर्च त्या हजार रुपयांच्या आसपासही जात नाही. लोकांना हे महागात पडते ते बहुतेक वेळा प्रश्नांचा क्रम चुकल्यामुळे. ‘कोणते पॅकेज घेऊ’ हा प्रश्न ते आधी विचारतात, ‘हक्क कोणाकडे आहेत’ हा नंतर, आणि तोवर वर्षभराचे पैसे भरून झालेले असतात.

हक्कांचा हा प्रकार नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. स्पर्धा भरवणारी संस्था, म्हणजे विश्वचषकासाठी फिफा, युरोसाठी युएफा आणि आशिया चषकासाठी एएफसी, प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक किंवा प्रदेशागणिक विकते आणि ते त्या त्या स्पर्धेपुरते किंवा ठरावीक वर्षांपुरते असतात. त्यामुळे ‘फुटबॉल या चॅनेलवर लागतो’ असे कायमचे कधीच म्हणता येत नाही. २०१४ आणि २०१८ चे विश्वचषक भारतात सोनीच्या वाहिन्यांवर दिसले, तर २०२२ चा कतारमधील विश्वचषक व्हायकॉम१८ कडे गेला आणि तो स्पोर्ट्स१८ वाहिनीवर व जिओसिनेमा ॲपवर दाखवण्यात आला. २०२१ मध्ये झालेली युरो आणि २०२४ ची जर्मनीतील युरो या दोन्ही सोनीकडे होत्या, पण त्याच २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला आशिया चषक स्पोर्ट्स१८ वर होता. महिलांचा २०२३ चा विश्वचषक डीडी स्पोर्ट्स वाहिनीवर आणि फॅनकोड ॲपवर पाहायला मिळाला. २०२५ चा क्लब विश्वचषक तर डॅझोन (DAZN) या ॲपने आपले खाते उघडणाऱ्या कोणालाही विनामूल्य दाखवला. एकाच प्रेक्षकाला पाच स्पर्धांसाठी चार दारे ठोठवावी लागली, असा हा हिशेब आहे.

त्यात भर म्हणून नावेही बदलत राहतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार झाले, आणि स्पोर्ट्स१८ हे नाव त्यानंतर मागे पडले. गेल्या वेळी ज्या नावाची वाहिनी घेतली होती ती डोळे झाकून पुन्हा मागणारे ग्राहक माझ्याकडे दर स्पर्धेच्या आधी येतात, आणि त्यांना परत पाठवणे हे माझ्या कामाचाच एक भाग होऊन बसले आहे.

हक्क कोणाकडे आहेत हे शोधण्याची खात्रीची जागा म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ. फिफा आपल्या स्पर्धांसाठी देशवार हक्कधारकांची यादी प्रसिद्ध करते, आणि त्या यादीत भारतासमोर ज्याचे नाव असेल तोच अधिकृत. त्यानंतर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा तिच्याच वाहिनीवर चालणाऱ्या जाहिरातीत वाहिनीचे नेमके नाव पाहावे, कारण एकाच कंपनीच्या चार-पाच क्रीडावाहिन्या असतात आणि इंग्रजी समालोचन एकीवर तर हिंदी दुसरीवर असते. व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘हा विश्वचषक येथे मोफत पाहा’ अशी चित्रे या कामासाठी निरुपयोगी आहेत. त्यातली कितीतरी मागच्या स्पर्धेतली असतात.

समालोचनाच्या भाषेचा विचार आपल्या शहरात अवश्य करावा. आपल्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी हजारो घरे आहेत आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड सर्रास चालते. सोनीने २०२१ च्या युरोच्या वेळी तमिळ आणि तेलुगूसाठी स्वतंत्र वाहिनी सुरू केली, तेव्हा अशोक चौकाजवळच्या एका विणकर आजोबांनी, ज्यांना इंग्रजीतले ‘ऑफसाइड’ हे प्रकरण आयुष्यभर कळले नव्हते, ते तेलुगूतून ऐकून समजून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मला चौकात थांबवून समजावून सांगितले. प्रादेशिक भाषेतली वाहिनी असेल तर तिची किंमतही वेगळी असते, तेव्हा तीही पाहून घ्यावी.

आता केबलचा बॉक्स. सोलापूर हे केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांपैकी एक होते आणि त्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. त्यामुळे आपल्या शहरातली केबल बारा-तेरा वर्षांपासून बॉक्सवर चालते, आणि बॉक्स असला की एकेक वाहिनी वरून चालू-बंद करता येते. ग्राहकाला याचा खरा लाभ मिळाला तो ट्रायच्या, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या, दरनियमांमुळे, जे २०१९ च्या फेब्रुवारीपासून प्रत्यक्षात आले. त्या नियमांनुसार पैसे भरून पाहायची प्रत्येक वाहिनी सुटी मिळालीच पाहिजे आणि तिची कमाल किंमत जाहीर असली पाहिजे. एखादी वाहिनी गटातच घ्यावी लागेल, सुटी मिळणार नाही, असे कोणी सांगितले तर ते नियमाला धरून नाही. ही किंमत बॉक्सच्या पडद्यावरच्या कार्यक्रम-सूचीत वाहिनीच्या नावापुढे दिसते, आणि ग्राहकांसाठीची माहिती ९९९ क्रमांकावर देण्याची व्यवस्था ट्रायने ऑपरेटरांना करायला लावली आहे. तिथे एकदा जाऊन पाहावे. अनेकांनी तो क्रमांक कधी दाबलेलाही नसतो.

खर्चाचा हिशेब मांडून दाखवतो. घरात कनेक्शन चालू आहे म्हणजे नेटवर्कचे शुल्क, ज्याला आम्ही एनसीएफ म्हणतो, ते आपण भरतच आहात. त्यावर एक वाहिनी वाढवली तर वाढतो तो फक्त त्या वाहिनीचा दर आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी. समजा वाहिनीचा दर २० रुपये आहे, तर महिन्याला २३ रुपये ६० पैसे होतात आणि दोन महिन्यांचे ४७ रुपये २० पैसे. दर थोडा कमी-अधिक धरला तरी आकडा याच पट्टीत राहतो. एकच लक्षात ठेवावे की एचडी वाहिनी हवी असेल तर बॉक्सही एचडी लागतो. आपला बॉक्स साधा आहे, तेव्हा साधीच वाहिनी मागावी. साध्या बॉक्सवर एचडीचे पैसे भरले तर पडदा काळाच राहील.

क्रीडावाहिन्यांचा गट घ्या, स्वस्त पडेल, असे दुकानात सांगितले जाते. ज्या घरात वर्षभर क्रिकेटही पाहिले जाते तिथे ते खरे आहे. आपल्या घरात फक्त फुटबॉलची एक स्पर्धा पाहायची आहे, तेव्हा गट घेण्याचे कारण मला दिसत नाही.

यापुढचा मुद्दा तारखांचा, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक घरे इथेच अडकतात. २०२६ च्या विश्वचषकाचेच वेळापत्रक घ्या. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांत, ४८ संघ आणि १०४ सामने असलेली ही स्पर्धा तिथल्या तारखेने ११ जून ते १९ जुलै अशी आहे. म्हणजे ३९ दिवस झाले आणि तीस दिवसांचे एक रिचार्ज पुरणार नाही, हे लगेच दिसते. पण त्याहून बारीक गोष्ट घड्याळाची आहे. मेक्सिको शहरातला उद्घाटनाचा सामना तिथे दुपारी एकला सुरू होतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात आणि कॅलेंडरवर १२ जून उजाडलेला असतो. न्यू जर्सीतला अंतिम सामना तिथल्या रविवारी दुपारी तीनला आहे, आपल्याकडे मात्र तो सोमवार २० जुलैच्या रात्री साडेबाराला, म्हणजे रविवारच्या मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने सुरू होतो. ‘१९ जुलैपर्यंत’ म्हणून मोजून रिचार्ज केलेले घर १९ तारखेच्या रात्री बारा वाजता बंद पडेल, आणि नेमका अंतिम सामनाच हुकेल. मुदत किमान २० जुलै संपेपर्यंतची असावी.

हे मी एका घरात डोळ्यांनी पाहिले आहे. २०१८ च्या ११ जुलैला क्रोएशिया आणि इंग्लंड यांच्यातला उपांत्य सामना आपल्या वेळेनुसार रात्री साडेअकराला सुरू झाला. विजापूर वेशीजवळच्या माझ्या एका ग्राहकाकडे दहा-बारा जण जमले होते. इंग्लंडने पाचव्याच मिनिटाला गोल केला होता. बारा वाजले आणि पडद्यावर मुदत संपल्याची पाटी आली. त्यांनी मला फोन केला. मी रिचार्ज मारले, पण त्या रात्री सगळीकडूनच मागण्या येत असल्याने बॉक्सपर्यंत संदेश पोहोचायला वेळ लागत होता. मी स्वतः त्यांच्याकडे गेलो, बॉक्स बंद करून पुन्हा चालू केला, आणखी एकदा संदेश पाठवला. चित्र आले तेव्हा पेरिसिचने बरोबरी साधून झाली होती. त्या घरातल्या धाकट्या मुलाचा चेहरा अजून आठवतो. तो क्रोएशियाचा पाठीराखा होता आणि तोच गोल त्याचा हुकला होता. तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक ग्राहकाची मुदत मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी तपासतो.

त्यातून निघालेली एक सूचना अशी की वाहिनी स्पर्धेच्या दोन दिवस आधीच चालू करून घ्यावी, आणि ती चालू करण्यास सांगताना बॉक्स विजेवर चालू ठेवावा व शक्यतो त्याच वाहिनीच्या क्रमांकावर ठेवावा. परवानगीचा संदेश वाहिन्यांच्या सिग्नलबरोबरच बॉक्सपर्यंत येतो. बॉक्सचे बटण भिंतीवरूनच बंद असेल तर तो घेणारे कोणी नसते. डिशवाल्या डीटीएच कंपन्यांच्या बॉक्सलाही हेच लागू आहे.

पैसे न भरता पाहण्याचा एक पूर्णपणे कायदेशीर मार्ग आहे, आणि तो आपल्या शहरात फार थोड्या जणांना नीट माहीत आहे. २००७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार, सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेल्या सामन्यांचे थेट चित्रण खाजगी हक्कधारकाला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावे लागते. जाहिरातींच्या उत्पन्नात हक्कधारकाला ७५ आणि प्रसार भारतीला २५ टक्के अशी वाटणी कायद्यातच घातली आहे. फुटबॉल विश्वचषकातले उपांत्य आणि अंतिम सामन्यांसारखे मोजके सामने या अधिसूचनेत येतात. सगळी स्पर्धा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

पण इथे एक खाच आहे आणि तिच्यामुळे ग्राहकांची आमच्यासारख्या केबलवाल्यांशी दरवेळी वादावादी होते. ‘दूरदर्शनवर सामना आहे असे पेपरात आले आहे, मग तुमच्या केबलवर दूरदर्शन लावले तर दुसराच कार्यक्रम का दिसतो?’ असे लोक विचारतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्याने वाटून घेतलेले हे चित्रण प्रसार भारतीने फक्त स्वतःच्या भूप्रक्षेपणावर, म्हणजे मनोऱ्यावरून घरच्या अँटेनाला मिळणाऱ्या प्रक्षेपणावर, आणि स्वतःच्या डीटीएच सेवेवर दाखवायचे. खाजगी केबल व खाजगी डीटीएचमार्फत ते जाऊ द्यायचे नाही. कारण उघड आहे. कोट्यवधी रुपये मोजून हक्क घेतलेल्या वाहिनीचाच सामना शेजारच्या क्रमांकावर फुकट दिसू लागला तर तिला ग्राहक कुठून मिळणार? म्हणून केबलवरच्या दूरदर्शनवर त्या वेळेस वेगळा कार्यक्रम लावला जातो. यात आम्ही काही कापत नाही. छपरावरच्या जुन्या अँटेनाचे दिवसही आता गेले, कारण दूरदर्शनने आपली बहुतेक जुनी भूप्रक्षेपण केंद्रे गेल्या काही वर्षांत बंद केली. उरते ती प्रसार भारतीची स्वतःची डीटीएच सेवा, डीडी फ्री डिश.

डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही. डिसेंबर २००४ मध्ये ती सुरू झाली आणि सध्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून चालते. डिश आणि बॉक्स यांचा एकदाच होणारा खर्च साधारण दोन हजार रुपयांच्या आतबाहेर असतो. गच्चीवर जुन्या डीटीएचची टाकून दिलेली डिश असेल, तिची तबकडी वाकलेली नसेल आणि तोंडावरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, शाबूत असेल, तर बहुधा तीच वळवून वापरता येते आणि फक्त बॉक्स घ्यावा लागतो. सोलापुरात शेकडो गच्च्यांवर अशा डिश कपडे वाळत घालण्याच्या दोरीला आधार म्हणून उभ्या आहेत, त्यांचा यापेक्षा चांगला उपयोग नाही.

ती वळवायची कशी हे सांगतो, कारण हे काम घरीही जमते. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे आणि सोलापूर सुमारे ७६ अंश पूर्व रेखांशावर. त्यामुळे आपल्या गच्चीवरून तो नेमका आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते आणि प्रत्यक्ष कोनापेक्षा उभी दिसते, म्हणून नजरेने अंदाज न बांधता दांड्यावरच्या अंशांच्या खुणा पाहाव्यात. मोबाइलमधल्या होकायंत्राने आग्नेय धरावी, पण तो लोखंडी दांड्याला चिकटवून धरू नये, सुई फिरते. नट अर्धवट आवळून ठेवावेत, बॉक्सच्या मेनूत सिग्नलचा पडदा उघडावा, आणि एकाने खाली टीव्हीसमोर बसून मोठ्याने आकडे सांगावेत. डिश डावी-उजवीकडे बोटभर सरकवायची, तीन-चार सेकंद थांबायचे, पुन्हा बोटभर सरकवायची. पडद्यावर दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंग्थची पट्टी वायर जोडलेली आहे एवढेच सांगते; आपल्याला हवी ती क्वालिटीची. ती एकदम उडी मारून वर गेली की हात तिथेच रोखायचा, आणि नट एकदम एकाच बाजूने न आवळता आलटून-पालटून आवळायचे, नाहीतर शेवटच्या वळशालाच डिश सरकते. मेअखेर आणि जूनच्या आरंभी आपल्याकडे वळवाचा वारा सुटतो, त्याने डिश हलते. म्हणून विश्वचषकाआधी एकदा ही क्वालिटी तपासून घ्यावी. जून-जुलैत सोलापुरात पाऊस बेताचाच असतो. जोराच्या सरीत चित्र फुटले तरी सर ओसरल्यावर ते आपोआप येते, तेव्हा पावसात गच्चीवर चढू नये.

तिसरा मार्ग ॲपचा. घरात तारेचे इंटरनेट आणि स्मार्ट टीव्ही असेल तर तो सोयीचा आहे, पण दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. ॲपचा सर्वांत स्वस्त प्लॅन बहुधा केवळ मोबाइलपुरता असतो आणि टीव्हीवर चालत नाही. पैसे भरल्यावर हे कळते तेव्हा वरचा प्लॅन घ्यावाच लागतो. दुसरे म्हणजे चांगल्या दर्जाचे चित्र तासाला दोन-तीन जीबी खाते, त्यामुळे मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर हॉटस्पॉट लावून सामना पुरा होत नाही. शिवाय ॲपवरचे चित्र डिश वा केबलच्या मागे असते, कधी अर्धा मिनिटभर. शेजारी केबलवर गोल पाहून ओरडला की आपल्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवर असतो. सासऱ्यांसारख्या ज्येष्ठ प्रेक्षकासाठी मी केबलच सुचवीन. क्रमांक दाबला की सामना दिसतो, आणखी काही उघडावे लागत नाही.

आता हजार रुपयांच्या त्या बॉक्सकडे येतो. जगभरच्या वाहिन्या वर्षाला हजार रुपयांत देणे कोणत्याही परवानाधारकाला शक्य नाही, कारण त्यातल्या एकेका क्रीडावाहिनीचा युरोपातला महिन्याचा दरच त्याहून जास्त असतो. त्या बॉक्समध्ये कोणाच्या तरी खात्यातून चोरून घेतलेले चित्रण एका सर्व्हरवरून इंटरनेटद्वारे पाठवले जाते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ ने प्रक्षेपण करणाऱ्याला पंचवीस वर्षांचा स्वतंत्र हक्क दिला आहे, आणि कलम ६३ नुसार असा हक्क जाणूनबुजून मोडणाऱ्याला वा त्यास साहाय्य करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कारवाई मुख्यतः विकणाऱ्यांवर आणि सर्व्हर चालवणाऱ्यांवर होते. २०१४ च्या विश्वचषकाच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने हक्कधारक सोनी समूहाच्या अर्जावरून ४७२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला होता, जो पुढे २१९ संकेतस्थळांपुरता करण्यात आला. असे आदेश अनेकदा स्पर्धेच्या मध्यावरच अंमलात येतात. म्हणजे आपला बॉक्स बंद पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती उपांत्यपूर्व फेरीच्या सुमारास, आणि तेव्हा पैसे परत मागायला ना दुकान असते ना पावती.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. असा बॉक्स किंवा त्याचे ॲप अधिकृत ठिकाणाहून येत नाही, ते मोबाइलमध्ये टाकताना सुरक्षेची कुलपे उघडायला लावतात आणि संदेश वाचण्याची परवानगी मागतात. ज्या मोबाइलवर बँकेचा ओटीपी येतो त्याच मोबाइलवर हे ॲप बसते. गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षक असा बंद पडलेला बॉक्स घेऊन माझ्याकडे आले होते. दुरुस्त करण्यासारखे त्यात काहीच नव्हते. मी त्यांना आधी ते ॲप काढायला आणि बँकेचा पासवर्ड बदलायला लावले.

व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असे भासवणारी सोय, लावून परदेशातले मोफत ॲप पाहण्याची युक्तीही मुले सुचवतील. ती सेवा त्या देशातल्या प्रेक्षकांसाठीच असते आणि तिच्या अटी तसे स्पष्ट सांगतात. बीबीसीचे उदाहरण घेतले तर ब्रिटनमध्ये ती पाहायला तिथल्या घरांना परवाना शुल्क भरावे लागते. खोटा पत्ता सांगून मिळवलेल्या वस्तूला मी कायदेशीर म्हणणार नाही.

सोसायटीच्या पार्किंगमधल्या पडद्याबद्दल जरा सविस्तर सांगावे लागेल. घरचे कनेक्शन घरगुती वापरासाठी दिलेले असते. हॉटेल, खानावळ वा क्लब यांच्यासाठी वेगळे व्यावसायिक कनेक्शन घ्यावे लागते. सार्वजनिक जागी दाखवण्याबाबत फिफा आपल्या विश्वचषकासाठी स्वतंत्र नियम काढते, आणि तिकीट, प्रायोजक वा विक्री यांपैकी काहीही आले की ते दाखवणे व्यावसायिक ठरून परवाना लागतो. पैसे घेऊन प्रक्षेपण लोकांना दाखवणे कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ नुसार हक्कभंग आहे. तेव्हा सोसायटीने कोणाकडूनही वर्गणी घेऊ नये, दुकानदाराचा फलक पडद्याशेजारी लावू नये, वडापावचा स्टॉल लावू नये, आणि हक्कधारक वाहिनीला ईमेल करून लेखी परवानगी मागावी. ऑपरेटरलाही सांगून ठेवावे. ही पत्रे पंधरा-वीस दिवस आधी जायला हवीत.

परवानगी मिळाली तरी पार्किंगला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण प्रक्षेपणाशी संबंधित नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत सणा-समारंभांसाठी ही सवलत देता येते, पण तीही रात्री बारापर्यंतच. अंतिम सामना सुरूच साडेबाराला होतो. बंदिस्त सभागृहात, आवाज आतच राहील अशा रीतीने, ते चालते. आपल्या सोसायटीला क्लब हाउस किंवा बंद हॉल असेल तर खिडक्या लावून तिथेच पडदा लावावा. सोमवारी सकाळी शाळा आणि कारखान्याची पहिली पाळी असते, हेही विसरू नये.

शेवटी, पैसे भरूनही वाहिनी चालू झाली नाही तर काय करावे. ऑपरेटरच्या ग्राहकसेवेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा, तोंडी बोलण्यावर थांबू नये. तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.

आपल्या घरासाठी मी असे करीन. जूनच्या पहिल्या आठवड्यात फिफाच्या यादीवरून हक्कधारक आणि त्यावरून वाहिनीचे नाव शोधून काढीन, ऑपरेटरला ती एकच सुटी वाहिनी २० जुलै संपेपर्यंत चालू ठेवायला सांगीन आणि मुदतीची तारीख पावतीवर लिहून घेईन. वाहिनी दिसू लागली की तिचा क्रमांक बॉक्सच्या आवडीच्या यादीत टाकीन, आणि सासऱ्यांसाठी तोच क्रमांक पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर जाड काळ्या पेनाने लिहून, वर पारदर्शक चिकटपट्टी लावून रिमोटच्या पाठीला चिकटवीन. रात्री साडेबाराला, घरचे झोपलेले असताना, त्यांना कोणाला उठवावे लागू नये.